मनूच्या डाव्या डोळ्याची चिठ्ठी

११ जुलै २०२४ रोजी वाईतील आमच्या मुलीच्या बालवाडीत डोळे तपासणीचे शिबिर झाले आणि त्या दुपारी तिच्या दप्तरातून रिकाम्या डब्याबरोबर एक घडी घातलेला कागद घरी आला. मनू तेव्हा चार वर्षे दोन महिन्यांची होती. कागदावर इंग्रजीत छापलेल्या आकड्यांच्या दोन ओळी होत्या, डाव्या डोळ्याच्या आकड्याभोवती लाल चौकट होती आणि खाली ‘अनायसोमेट्रोपिया’ (दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक) हा शब्द व ‘रेफर’, म्हणजे डॉक्टरांकडे पाठवा, असा शिक्का होता. पुढे कोठे जायचे, किती दिवसांत जायचे, कोणाला विचारायचे, यांपैकी काहीही त्यावर नव्हते. त्या दिवसापासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत आम्ही ज्या वाटेने गेलो ती तारखांसह लिहून ठेवत आहे, कारण तो कागद हातात आला तेव्हा मी मराठीत असे काही शोधत होते आणि मला ते सापडले नव्हते.

शिबिर एका सेवाभावी संस्थेने घेतले होते. अंगणवाड्यांमध्ये आणि सरकारी व अनुदानित शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात. २०१३ साली पालघरमध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित असते. आमची बालवाडी खाजगी असल्यामुळे तिच्याकडे कोणतेही पथक फिरकत नाही, आणि ते शिबिर झाले नसते तर पहिलीत जाईपर्यंत मनूच्या डोळ्यांकडे कोणी पाहिले नसते. तपासणी कशी झाली ते बाईंनी मला नंतर सांगितले. जाडजूड कॅमेऱ्यासारखे यंत्र साधारण एक मीटरवर धरतात, त्यातून पाखरासारखा आवाज येतो आणि दिवे लुकलुकतात, मूल त्याकडे पाहते, आणि काही सेकंदांत निकाल पडद्यावर उमटतो. मुलाला अक्षरे यावी लागत नाहीत, उत्तरेही द्यावी लागत नाहीत. मात्र हे यंत्र मुलाला किती दिसते ते मोजत नाही. डोळ्याच्या आतून परत येणाऱ्या प्रकाशावरून ते दोन्ही डोळ्यांच्या नंबरांचा अंदाज करते, डोळे सरळ आहेत का ते पाहते, आणि एखादा डोळा पुढे ‘आळशी’ होण्याचा धोका दिसला तर तसे कळवते. मनूच्या कागदावर उजवा डोळा अधिक (प्लस) १.२५ आणि डावा अधिक ४.२५ असा होता. बालवाडीतील ४६ मुलांपैकी पाच जणांना चिठ्ठी मिळाली होती आणि त्यांतील दोघांच्या डोळ्यांत पुढे काही निघाले नाही, म्हणजे चिठ्ठी आली म्हणून लगेच हातपाय गाळण्याचे कारण नव्हते. आम्ही हातपाय गाळले नाहीतच. आम्ही ती चिठ्ठी चुंबकाने फ्रिजच्या दाराला लावली आणि ती तेथे पाच आठवडे राहिली.

या पाच आठवड्यांबद्दल मला अजूनही वाईट वाटते, पण तेव्हाची आमची समजूत सांगितली पाहिजे. मनूचे डोळे तिरळे नव्हते. ती टीव्हीजवळ जाऊन बसत नसे, ओट्यावरची मुंगी लांबून दाखवत असे, आणि गच्चीवरून कृष्णेच्या घाटावरची माणसे मोजत असे. सासूबाई म्हणाल्या, “चार वर्षांच्या पोरीला कसला चष्मा? यंत्र चुकलं असेल.” माझ्या यजमानांनाही तसेच वाटले आणि खरे सांगायचे तर तसेच असावे अशी माझीही इच्छा होती. एक डोळा उत्तम असला की मूल त्याच एका डोळ्यावर सगळा कारभार चालवते, आणि घरच्यांना संशय येण्याजोगे काहीच उरत नाही, ही गोष्ट मला नंतर कळली.

१८ ऑगस्टच्या संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन पुस्तक दाखवत होते. सहज म्हणून तिचा डावा डोळा तळहाताने झाकला. ती चित्रातल्या कोंबडीची पिल्ले मोजत राहिली. मग उजवा झाकला. तिने माझा हात ढकलला. मी पुन्हा झाकला, तिने मान फिरवली आणि हाताच्या फटीतून उजव्याच डोळ्याने पाहू लागली. तिसऱ्यांदा ती रडकुंडीला आली आणि म्हणाली, “आई, दिवा घालवू नको ना.” दिवा चालू होता. घरच्या घरी केलेली ही झाकाझाक म्हणजे तपासणी नव्हे आणि तिच्या भरवशावर कोणी निर्धास्त होऊ नये, पण त्या रात्री आमच्या घरात यंत्र चुकल्याची भाषा थांबली.

पुढची चूक मात्र घाईमुळे झाली. २४ ऑगस्टला आम्ही तिला गावातल्याच एका चष्म्याच्या दुकानात नेले. तेथे ‘कॉम्प्युटरवर’ डोळे तपासले, उजव्याला काही नाही आणि डाव्याला अधिक १.५० असा नंबर निघाला आणि ९०० रुपयांत चष्मा झाला. दुकानदारांनी आपुलकीने वागवले, त्यांच्या हेतूविषयी माझे काही म्हणणे नाही. पण लहान मुलाच्या डोळ्यातील भिंग इतके लवचीक असते की ते जोर लावून बराचसा प्लस नंबर लपवून टाकते, आणि थेंब किंवा मलम घालून तो जोर काही काळ थांबवल्याशिवाय खरा नंबर मिळत नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारायचे आम्हाला सुचले नाही. गणपतीत, ७ सप्टेंबरला, पुण्यात परिचारिका असलेल्या माझ्या जाऊबाई आल्या. त्यांनी चष्मा हातात घेऊन पहिला प्रश्न केला, “थेंब घालून तपासलं होतं का?” आणि दुसरा, “लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलंय का?” दोन्हींचे उत्तर नाही असेच होते. त्यांनीच पुण्यातील एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या बालविभागात आमचे नाव घातले. हा विभाग मंगळवारी आणि शुक्रवारी चालतो, आणि आम्हाला २७ सप्टेंबरची तारीख मिळाली.

त्या दिवशी आम्ही दोघी पहाटे सव्वापाचच्या एसटीने निघालो. बायकांना अर्धे तिकीट आणि पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, त्यामुळे या सगळ्या प्रकरणात प्रवासखर्च हीच सर्वांत हलकी बाजू ठरली. केसपेपरचे १५० रुपये झाले. खिडकीवर मुलाचे आधार कार्ड आणि शिबिराची चिठ्ठी मागितली. ती चिठ्ठी फ्रिजवरून काढून आणण्याची बुद्धी झाली हे बरे, कारण डॉक्टरांनी ती लक्षपूर्वक पाहिली आणि फाइलला टाचली. आमची पाळी यायला अडीच तास लागले. सोबत कोरडा खाऊ, पाणी, एक जास्तीचा फ्रॉक आणि मुलाचे आवडते खेळणे हवेच, कारण कंटाळलेले आणि भुकेले मूल तपासणीच्या खोलीत पोहोचेपर्यंत कोणाचेच ऐकत नाही.

तपासणी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर व नंबर तपासणाऱ्या, ताईंनी केली आणि ती मला खेळासारखी वाटली. मनूच्या मांडीवर चार चित्रांचा एक पुठ्ठा दिला: सफरचंद, घर, गोल आणि चौकोन. समोरच्या तक्त्यावर जे चित्र दिसेल त्यावर तिने पुठ्ठ्यावर बोट ठेवायचे. ही चित्रे फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लेआ ह्युव्हारिनेन यांनी तयार केली आहेत आणि ती बारीक होत गेली की चारही सारखीच गोल दिसू लागतात, त्यामुळे मुलाला अंदाजाने उत्तर देता येत नाही, असे ताईंनी सांगितले. उजव्या डोळ्याने मनू ६/९ पर्यंत गेली (६/६ म्हणजे पूर्ण नजर, आणि खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). उजवा डोळा चिकटपट्टीने झाकल्यावर ती ६/२४ लाच थांबली आणि प्रत्येक चित्राला “घर” म्हणू लागली. मग पोलराइज्ड काचांचा (दोन डोळ्यांना वेगवेगळे चित्र दाखवणारा) चष्मा घालून एका मोठ्या माशीचे चित्र दाखवले. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर माशीचे पंख कागदाच्या वर उचलल्यासारखे दिसतात आणि मुले ते चिमटीत धरायला जातात. मनूने बोट सरळ कागदावर टेकवले. ते पाहून माझा गळा दाटून आला.

डॉक्टरांनी जे समजावले ते मी त्याच दिवशी एसटीत वहीत उतरवले. डावा डोळा निरोगी आहे, पण त्याचा नंबर मोठा असल्यामुळे त्याच्याकडून मेंदूला नेहमी पुसट चित्र मिळते. उजव्याकडून स्वच्छ चित्र येत असल्यामुळे मेंदू डाव्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि वेळीच काही केले नाही तर पुढे बरोबर नंबरचा चष्मा लावूनही त्या डोळ्याला पुरते दिसत नाही. यालाच मंददृष्टी किंवा आळशी डोळा म्हणतात. सात वर्षांच्या आत उपचाराचा उपयोग सर्वांत चांगला होतो. त्यानंतरही काही मुलांत होतो, पण खात्री कमी होत जाते. मी आमच्या अडीच महिन्यांचा हिशेब सांगितला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आई, झालं ते झालं. आता मलम सुरू करा.”

मलम म्हणजे डोळ्यातील भिंगाचा तो जोर थांबवणारे एक टक्क्याचे अॅट्रोपिन. शनिवार, रविवार आणि सोमवार दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ घालायचे आणि मंगळवारी सकाळी काही न घालता यायचे. तांदळाच्या दाण्याएवढे मलम पुरते. ते घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, आपले हात लगेच धुवायचे, आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. चेहरा लाल झाला, ताप आला किंवा तोंड फार कोरडे पडले तर मलम थांबवून फोन करायला सांगितले होते. मनूचे गाल रविवारी दुपारी लालसर झाले. फोन केल्यावर ताप नसल्याची खात्री करून घेऊन पुढचा डोस द्यायला सांगितले. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की सासूबाईंना तिच्याकडे पाहवेना. उजेड सहन न होण्याचा आणि जवळचे पुसट दिसण्याचा त्रास मलम थांबल्यावरही नऊ-दहा दिवस राहिला, तेव्हा घरात लग्नकार्य किंवा शाळेचा कार्यक्रम असेल तर मलमाची तारीख आधीच विचार करून घ्यावी. टोपी अवश्य जवळ ठेवावी.

१ ऑक्टोबरला खरा नंबर निघाला: उजवा अधिक १.७५, डावा अधिक ५.२५. दुकानातल्या दीडपेक्षा हा किती दूर होता ते पाहून आम्ही तो ९०० रुपयांचा चष्मा कपाटात टाकला. चष्म्यासाठी दोन्हींतून सारखेच १.२५ वजा करून अधिक ०.५० आणि अधिक ४.०० असा नंबर लिहून दिला. दोन डोळ्यांतला फरक मात्र पूर्ण ठेवला, कारण मुख्य भांडण त्या फरकाचेच होते. सहजी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा आणि कानामागून पट्टा असलेली रबरी फ्रेम यांना १,८५० रुपये पडले आणि चष्मा सहा दिवसांनी मिळाला. तो घेताना त्याच दुकानात यंत्रावर नंबर तपासून दाखवायला सांगावे. आम्ही सांगितले आणि तो बरोबर निघाला. डावी काच जाड असल्याने चष्मा त्या बाजूला कलतो आणि मूल वरून पाहू लागते, म्हणून महिन्यातून एकदा फ्रेम बसवून घ्यावी लागते. त्याचे कोणी पैसे घेतले नाहीत.

पहिले आठ आठवडे फक्त चष्मा होता. मला वाटले होते की लगेच पट्टी सुरू होईल, पण बऱ्याच मुलांची नजर नुसत्या योग्य चष्म्यानेच काही पायऱ्या वर चढते, त्यामुळे आधी ती चढू द्यायची असे डॉक्टरांचे म्हणणे होते. २९ नोव्हेंबरला डावा डोळा ६/१८ वर आला. तेव्हा उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लिहून दिली. मी विचारले की सहा तास लावली तर लवकर होणार नाही का. डॉक्टरांनी सांगितले की अमेरिकेत सात वर्षांखालील मुलांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यम प्रमाणातल्या मंददृष्टीसाठी दोन तासांची आणि सहा तासांची पट्टी यांचा चार महिन्यांनंतरचा फायदा सारखाच आढळला होता. ते ऐकून मला फार हलके वाटले.

पट्टीचा पहिला आठवडा मात्र आम्हा सर्वांची परीक्षा पाहणारा होता. पट्टी थेट कातडीला चिकटवायची, चष्मा तिच्यावरून घालायचा. चष्म्याच्या काचेला कागद लावला तर मूल कडेने पाहते. मनूने पहिल्या दिवशी तीन पट्ट्या उपटल्या, आणि एक पट्टी सुमारे १४ रुपयांना पडते. सासूबाईंना तर हा सगळा प्रकार उलटाच वाटत होता. “अगं, चांगला डोळा झाकून अधू डोळ्याने पोरीला चाचपडायला लावायचं, हा कुठला न्याय?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी मी मोठ्या भावंडाचे उदाहरण दिले: मोठा सगळी कामे झटपट करतो म्हणून धाकट्याला कोणी काही करूच देत नाही, तेव्हा मोठ्याला दोन तास बाहेर पाठवायचे आणि घरातले काम धाकट्याकडून करून घ्यायचे. त्यांना ते पटले की नाही मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या स्वतःच सुपात तूरडाळ घेऊन मनूसमोर बसल्या.

त्या सुपाने आमचे काम केले. सासूबाई डाळीत मुद्दाम दहा शेंगदाणे मिसळत आणि ते शोधायला सांगत. पहिल्या दिवशी मनूने नाक सुपाला टेकेपर्यंत वाकून, बोटांनी चाचपत चार शोधले. दहाव्या दिवशी दहाही सापडले, म्हणून शेंगदाण्यांची जागा मुगाच्या दाण्यांनी घेतली आणि संक्रांतीपर्यंत आम्ही मोहरीवर आलो होतो. जवळचे बारीक काम करताना पट्टी असावी असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. मणी ओवणे, चित्रात रंग भरणे, मटकी निवडणे, सगळे चालते. जिन्यावर आणि रस्त्यावर मात्र पट्टी नको. बालवाडीत मुले तिला ‘चष्मिष’ म्हणू लागल्यावर आम्ही पट्टी शाळेत न लावता घरीच चार ते सहा ठेवली. कातडी लाल होऊ नये म्हणून पट्टी ओल्या कापडाने भिजवून काढावी आणि रात्री त्या जागी खोबरेल तेल लावावे. सकाळी ते नीट पुसले नाही तर संध्याकाळची पट्टी चिकटत नाही.

१७ जानेवारी २०२५ रोजी डावा डोळा ६/१२ झाला आणि मी एसटी स्थानकावरूनच घरी फोन केला. २१ मार्चला तो ६/१२ वरच होता. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “रोज लावता का?” मी हो म्हणणार होते, पण कालनिर्णयवर मी पट्टीच्या दिवसांवर फुल्या मारत असे आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये होता. फेब्रुवारीत दिराच्या लग्नाच्या धामधुमीत अकरा दिवस कोरे गेले होते. मी तो फोटो दाखवला. त्यावर ते रागावले नाहीत. खरी नोंद असली की डोस वाढवायचा की नुसता नियम पाळायचा हे ठरवता येते, एवढेच म्हणाले. शनिवार-रविवार चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिन घालून तो पुसट करण्याचा दुसरा मार्गही त्यांनी सांगितला, पण सुट्टी जवळ आली होती म्हणून आम्ही पट्टीच चार तासांवर नेली. मे महिन्यात मनू पाच वर्षांची झाली आणि १३ जूनच्या खेपेला कंडक्टरने तिचे पहिले अर्धे तिकीट फाडले, ते तिने दिवसभर मुठीत धरून ठेवले. त्या दिवशी डावा डोळा ६/९ निघाला.

पट्टी एकदम बंद केली तर सुमारे चौथा हिस्सा मुलांची नजर वर्षभरात पुन्हा घसरते, म्हणून ती हळूहळू कमी केली: जुलैत दोन तास, ऑगस्टपासून एक तास, आणि १० ऑक्टोबरच्या तपासणीत ६/९ टिकल्यावर बंद. चष्मा राहणार आहे आणि पुढची काही वर्षे दर तीन-चार महिन्यांनी तपासणीही. माशीच्या चित्रावर मनूने या वेळी बोट कागदाच्या बोटभर वर थांबवले, मग माझ्याकडे पाहिले आणि ते हळूच मागे घेतले.

या शेवटच्या दोन खेपांना सासूबाई सोबत होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि नजर हवी तशी आली नाही म्हणून त्या अजूनही त्या डॉक्टरांना बोल लावतात. मनूचे कागद पाहताना त्यांनी हे ओघात सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले की लहानपणी त्या डोळ्याने दिसत होते का. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की तो कधी एकटा वापरून पाहिलाच नाही. त्यांची रीतसर तपासणी अजून व्हायची आहे, त्यामुळे त्याविषयी मी काही म्हणणार नाही. पण भावंडांनाही तपासावे असे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले आहे. मनूचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, आणि त्या यंत्रासमोर एक वर्षाचे मूलही बसू शकते. त्याला १२ डिसेंबरची तारीख मिळाली आहे. पाखराचा आवाज ऐकून तो त्याच्याकडे पाहील की यंत्रच ओढायला जाईल, यावर घरात पैज लागली आहे.